घरभाडे, अंतर आणि शाळा : बीड जिल्ह्यातील कुटुंबांच्या निवासनिवडीचा विचार

प्रस्तावना

मे महिना संपत आला की बीड जिल्ह्यातील नोकरदार घरांत एक जुनाच विषय नव्याने निघतो. यंदा बिऱ्हाड कुठे करावयाचे? पतीचे महाविद्यालय केजला, पत्नीची जिल्हा परिषदेची शाळा अंबाजोगाई तालुक्यातील एखाद्या वाडीवर, थोरली मुलगी नववीत आणि धाकटा चौथीत, अशी रचना आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे किंवा होती. अशा कुटुंबासमोर केज, अंबाजोगाई, बीड आणि लातूर अशी चार नावे असतात आणि प्रत्येक नावाचा कैवार घेणारा एकेक नातेवाईकही असतो. निर्णय बहुधा ओळखीच्या कोणाच्या तरी अनुभवावरून होतो. त्याचे परिणाम मात्र पुढील पाच-सहा वर्षे भोगावे लागतात, आणि ते घरातील सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत.

घराचा खर्च, कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याचे अंतर आणि मुलांच्या शाळेचा दर्जा हे या निर्णयातील तीन प्रमुख घटक होत. ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत याचे स्पष्टीकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, या जिल्ह्यात चांगल्या शाळेची किंमत घरभाड्यात उतरत नाही. ती रस्त्यावर आणि दोन ठिकाणी विभागलेल्या कुटुंबात दिली जाते. म्हणूनच केवळ भाड्याच्या आकड्यांची तुलना करून घेतलेला निर्णय वारंवार चुकतो.

शाळा घराला बांधलेली नाही

निवासस्थानाच्या निवडीविषयी अर्थशास्त्रात बराच विचार झालेला आहे. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार शहराच्या केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतशी जमीन स्वस्त होत जाते आणि प्रवासखर्च वाढत जातो. कुटुंब या दोहोंचा मेळ घालून आपली जागा ठरविते. म्हणजे दूरचे घर स्वस्त असते ते उगीच नव्हे. प्रवासाचा त्रास त्या किमतीतून आधीच वजा झालेला असतो. शाळेच्या बाबतीत असाच विचार सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ साली केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळांच्या हद्दी ठरलेल्या असून मुलाने कोणत्या शाळेत जावयाचे हे घराच्या पत्त्यावरून ठरते. हद्दीच्या अलीकडील व पलीकडील घरांची तुलना करून त्यांनी दाखविले की, परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असलेल्या शाळेच्या हद्दीत घर घेण्यासाठी पालक सुमारे अडीच टक्के अधिक किंमत मोजतात.

हे सिद्धान्त आपण वर्गात शिकवितो. परंतु बीडला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्याचे कारण साधे आहे. आपल्याकडे शाळा पत्त्याला बांधलेली नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ व त्याखालील राज्याचे नियम यांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, ही जबाबदारी शासनावर आहे. पालकाने त्याच शाळेत मुलाला घातले पाहिजे असे बंधन नाही. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांपुरता पत्ता महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे शाळेपासूनच्या अंतराला प्राधान्य असते. शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून वगळणारा बदल फेब्रुवारी २०२४ मध्ये करण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात रद्द ठरविला. एवढा भाग सोडला तर कोणाचेही मूल कोणत्याही शाळेत जाऊ शकते. जाण्यायेण्याची सोय मात्र ज्याची त्याने करावयाची.

परिणाम असा की, नामांकित शाळेशेजारच्या घराचे भाडे इतर वस्तीच्या मानाने फारसे चढत नाही. त्या शाळेकडे जाणाऱ्या रिक्षा आणि व्हॅन मात्र पहाटेपासून गच्च भरलेल्या असतात. शाळेची किंमत घरमालकाऐवजी व्हॅनवाल्याकडे, मेसवाल्याकडे आणि शिकवणीवर्गाकडे जाते. कुटुंबाच्या हिशेबात ती ‘घर’ या सदराखाली कधी लिहिलीच जात नाही.

भाडे, भत्ता आणि पाणी

घरखर्चातील पहिली गुंतागुंत आपल्या वेतनपत्रकातच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ आणि बीड शहराची १,४६,७०९ होती. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे जे तीन वर्ग केलेले आहेत त्यांत ५० लाखांवरील शहरे ‘एक्स’, पाच ते ५० लाखांमधील ‘वाय’ आणि उरलेला सर्व प्रदेश ‘झेड’ मानला जातो. बीड जिल्ह्याचे अकराही तालुके ‘झेड’ वर्गात आहेत. लातूरही त्याच वर्गात आहे. छत्रपती संभाजीनगर मात्र ‘वाय’ वर्गात मोडते.

सातव्या वेतन आयोगाच्या सूत्रानुसार हा भत्ता प्रथम २४, १६ व ८ टक्के असा होता. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर २७, १८ व ९ टक्के आणि ५० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ३०, २० व १० टक्के असे त्याचे टप्पे ठरविण्यात आले. सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये धरल्यास शेवटच्या टप्प्यावर ‘झेड’ वर्गात ५,७७० रुपये आणि ‘वाय’ वर्गात ११,५४० रुपये भत्ता येतो. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, भत्ता नेमणुकीच्या गावावरून ठरतो, राहण्याच्या गावावरून नाही. गेवराईला नोकरी करून छत्रपती संभाजीनगरला राहणारा प्राध्यापक भाडे ‘वाय’ शहराचे देतो आणि भत्ता ‘झेड’ गावाचा घेतो. हा फरक तो स्वतःच्या खिशातून भरतो आणि तरीही तेथे राहणे पसंत करतो, यावरून शाळा, दवाखाना व इतर सोयी यांना तो किती मोल देतो याचा अंदाज येतो.

याच भत्त्यावरून जिल्हा परिषदेच्या शिक्षकांविषयी वाद होत आलेला आहे. मुख्यालयी न राहता भत्ता घेतला जातो, हा मुद्दा २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत मांडल्यावर शिक्षक संघटनांनी तीव्र प्रतिक्रिया दिली होती. वाडीवर भाड्याने मिळण्याजोगे घरच नसते, हे संघटनांचे म्हणणे खोटे नाही. शिक्षक गावात राहत नसल्यामुळे शाळेचे गावाशी असलेले नाते विरळ होते, हेही तितकेच खरे. भत्ता रद्द करण्याच्या धमकीने यातील काहीच सुटण्यासारखे नाही.

घरखर्चातील दुसरी बाब म्हणजे पाणी. पुण्या-मुंबईच्या पाठ्यपुस्तकी उदाहरणांत ती सापडत नाही. आपल्याकडे मात्र ती भाड्याइतकीच महत्त्वाची आहे. नळाला पाणी कितव्या दिवशी येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का, साठवणुकीची टाकी किती मोठी आहे, टँकरचे पैसे मालक देतो की भाडेकरू, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून दोन सारख्या भाड्याच्या घरांत वर्षाकाठी मोठी तफावत पडू शकते. समजा, एका घराचे भाडे सहा हजार असून फेब्रुवारी ते जून या पाच महिन्यांत दरमहा दीड हजार रुपयांचे टँकर घ्यावे लागतात. दुसऱ्या घराचे भाडे साडेसहा हजार असून बोअरला बारमाही पाणी आहे. पहिल्याचा वार्षिक खर्च ७९,५०० रुपये आणि दुसऱ्याचा ७८,००० रुपये. स्वस्त दिसणारे घर महाग निघाले, आणि टँकरची वाट पाहत घरी थांबण्याची पाळी कोणावर येते हा प्रश्न अद्याप बाकीच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी शिक्षणासाठी लातूरला बिऱ्हाड केलेल्या अनेक बीडकरांना हा हिशेब नव्याने करावा लागला होता. ज्या शहराच्या वेशीवर निजामशाही काळातील खजाना विहीर आजही पाणी देते, त्या शहरात भाडेकरूने पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा यात एक उपरोध आहे. पण तो विचारावा हे उत्तम.

अंतर : रुपयांत आणि तासांत

प्रवासखर्चाचा विचार करताना आपण सहसा तिकिटापाशी थांबतो. एस.टी.चा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास करू देतो. एका बाजूचे भाडे ६० रुपये धरल्यास जाऊन-येऊन १२० रुपये, म्हणजे पास २,४०० रुपयांचा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. त्यामुळे त्याच मार्गावर महिन्यातील २४ दिवस ये-जा करणाऱ्या महिलेचा खर्च १,४४० रुपये येतो. शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत प्रवास आहे आणि इतर विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो.

या आकड्यांतून एक अनपेक्षित प्रलोभन निर्माण होते. केवळ रुपये मोजले तर पतीच्या नोकरीच्या गावी राहावे आणि पत्नीने रोज प्रवास करावा, हे कुटुंबाला स्वस्त पडते. सवलत अतिशय स्वागतार्ह आहे. अनेक मुलींचे पदवीचे शिक्षण तिच्यामुळे सुकर झाले. परंतु तासांचा हिशेब मांडला की चित्र पालटते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-उपयोग सर्वेक्षणानुसार घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे, तर ती करणारे पुरुष ८८ मिनिटे त्यासाठी देतात. ज्या व्यक्तीच्या दिवसातील जवळपास पाच तास आधीच गेलेले आहेत तिच्याच माथी आणखी तीन तासांचा प्रवास घालणे, हा स्वस्ताईचा निर्णय ठरत नाही. पहाटे साडेचारला उठून डबे करणाऱ्या शिक्षिकेची झोप कोणत्याही पासवर लिहिलेली नसते.

तासांचाच विचार प्राध्यापकांच्या बाबतीतही करून पाहावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांचा असून वर्षात किमान १८० अध्यापन दिवस अपेक्षित आहेत, आणि अध्यापकाने दररोज किमान पाच तास महाविद्यालयात उपलब्ध असावे असे त्यात म्हटले आहे. जाऊन-येऊन तीन तास प्रवास करणाऱ्याचे १८० दिवसांत ५४० तास रस्त्यावर जातात. ४० तासांच्या आठवड्याने भागल्यास हे साडेतेरा आठवडे होतात. पीएच.डी.चा प्रबंध रखडल्याची कारणे शोधताना आपण मार्गदर्शक, ग्रंथालय, विद्यापीठ अशा अनेकांची नावे घेतो. या साडेतेरा आठवड्यांचे नाव सहसा घेत नाही. प्रस्तुत लेखकाने चार वर्षे असा प्रवास केलेला आहे. बसमध्ये वाचन होते, हा समज अनुभवाने टिकला नाही. मांजरसुंब्याच्या पुढे डोळा लागतो, एवढेच खरे.

ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील माहितीच्या आधारे २००८ साली दाखविले की, लांबचा प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्याविषयी कमी समाधानी असतात आणि स्वस्त घर किंवा अधिक पगार यांनी ती उणीव भरून निघत नाही. निवड करताना माणूस घराची खोली, गच्ची, भाडे हे डोळ्यांनी पाहतो. प्रवासाचा शीण त्याला त्या दिवशी दिसत नाही. शिवाय घराची सवय होते, तशी रोजच्या अनिश्चिततेची होत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा काळी-पिवळी जीपवर अवलंबून राहिलेल्यांना ही अनिश्चितता म्हणजे काय ते कळले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरकडील रेल्वे बीडपर्यंत आली. अनेक दशकांची प्रतीक्षा संपली, हे खरे. तथापि केज, धारूर, अंबाजोगाई या भागांतील रोजच्या ये-जा करणाऱ्याचा हिशेब त्यामुळे बदललेला नाही. त्याच्यासाठी अजून रस्ताच आहे.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांचा उल्लेख येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. त्यांना घरभाडे भत्ता नाही, सुट्टीचे वेतन नाही आणि मोबदला घेतलेल्या तासापुरताच. दोन गावांतील दोन महाविद्यालयांत तासिका घेणाऱ्याला प्रवासाचा खर्च आधी करावा लागतो आणि मानधन नंतर, पुष्कळदा बरेच नंतर, मिळते. त्याच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द फार जपून वापरावा लागेल.

चांगली शाळा म्हणजे कोणती?

तीन घटकांपैकी सर्वांत कमी तपासला जाणारा घटक शाळेचा दर्जा हा होय. दहावीचा निकाल हे त्याचे सर्वमान्य माप आहे. पण जेथे बहुतेक शाळांचा निकाल ९० टक्क्यांच्या वर लागतो तेथे त्या मापाने भेद कसा करणार? दुसरे असे की, शाळेचा निकाल हा बऱ्याच अंशी तिच्यात आलेल्या मुलांचा निकाल असतो. प्रवेशाच्या वेळीच हुशार व सुस्थितीतील मुले निवडणारी शाळा पुढे गुणवत्तायादीत आली तर त्यात शाळेचे श्रेय किती हे सांगता येत नाही. वाडीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेने पहिल्या पिढीतील मुलाला तिसरीअखेर अस्खलित वाचावयास शिकविले असेल, तर तिने घातलेली भर अधिक मोठी असू शकते. ती फलकावर लागत नाही.

माध्यमाच्या बाबतीतही असेच घडते. सन २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला आणि पुढे अनेक मराठी शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग निघाले. तरीही इंग्रजी माध्यमाची पाटी हाच दर्जा, असे समीकरण तालुक्याच्या गावांतही रुजले. पालकाने शाळेत जाऊन पाहावयाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत? गणित व विज्ञानाचे शिक्षक किती वर्षे टिकून आहेत? एक शिक्षक किती वर्ग एकत्र सांभाळतो? शेवटच्या बाकावरच्या मुलाला वाचावयास सांगितले तर तो काय करतो? ही चौकशी अर्ध्या दिवसात होते. आपण फ्लॅट पाहावयास चार वेळा जातो आणि शाळेची चौकशी बहुधा फोनवर उरकतो.

मुलांच्या वयाचाही विचार व्हावयास हवा. प्राथमिक वयातील मुलाला जवळची, पायी जाता येण्याजोगी, बरी शाळा ही दूरच्या उत्कृष्ट शाळेपेक्षा बहुधा हिताची. सात वर्षांच्या मुलाचे व्हॅनमधील दोन तास म्हणजे त्याचे खेळणे आणि झोप. नववीनंतर हा तोल हळूहळू दुसरीकडे झुकतो. वर उल्लेखिलेल्या कुटुंबाची खरी अडचण हीच आहे. चौथीतील मुलासाठी उत्तम असलेले गाव नववीतील मुलीसाठी उत्तम असेलच असे नाही.

लातूरची खोली

अंबाजोगाई ही एके काळी मोमिनाबाद म्हणून ओळखली जाणारी जुनी विद्यानगरी. स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथे अध्यापन केले आणि त्यांच्याच नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय पुढे या गावी उभे राहिले. तरीही गेल्या काही दशकांत जिल्ह्यातील अकरावीच्या मुलांचा ओघ जवळच्याच लातूरकडे वळला. राजर्षी शाहू महाविद्यालय व दयानंद महाविद्यालय यांच्या बारावीच्या निकालांतून ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला आणि वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ आल्यावर खासगी शिकवणीवर्गांनी त्याला नवे रूप दिले.

प्रवेशाचे नियम कुटुंबाचा पत्ता कसा हलवितात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे वैद्यकीय प्रवेशातील ७०:३० सूत्र. त्यानुसार ७० टक्के जागा विभागातील विद्यार्थ्यांना व ३० टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना मिळत. बारावी कोणत्या विभागातून केली याला त्यामुळे महत्त्व आले होते. मराठवाड्यात जागा कमी असल्याने येथील विद्यार्थ्यावर अन्याय होतो, अशी तक्रार होती. ऐपत असलेली कुटुंबे अकरावीलाच मुलाला पुण्याकडे हलवीत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले आणि विभागाच्या पत्त्याचे महत्त्व संपले. एवढ्या एका निर्णयाने लातूरला राहून तयारी करण्याचे आकर्षण वाढले असावे, असे मानावयास जागा आहे.

या व्यवस्थेत घर दुभंगते. आई मुलांना घेऊन लातूरला खोली करून राहते, वडील केजला किंवा बीडला राहतात, शनिवारी डबे व पैसे घेऊन जातात, आणि गावाकडे आजी-आजोबा तिसरे घर चालवितात. दोन भाडी, दोन गॅस जोडण्या, शिकवणीचे शुल्क आणि नोकरी सोडलेली किंवा रजेवर असलेली आई, असा हा खर्च आहे. आईची नोकरी गेली असेल तर तो सर्वांत मोठा खर्च ठरतो आणि कोठेच नोंदला जात नाही. मुलगा गावाकडील कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश घेतो आणि दोन वर्षे शिकवणीवर्गात काढतो. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे विज्ञानाचे वर्ग ओस का पडले याचे उत्तर या खोल्यांत आहे, आणि त्यांतील काही खोल्या आपल्याच सहकाऱ्यांनी घेतलेल्या आहेत.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. संस्था ढासळू लागली की सदस्यापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. ज्यांचा आवाज सर्वांत परिणामकारक ठरला असता तेच प्रथम बाहेर पडले, तर संस्थेला सुधारण्याचे कारणच उरत नाही. तालुक्याच्या गावातील शाळेच्या पालकसभेत प्राध्यापक, डॉक्टर, अभियंता यांपैकी कोणी नसेल, तर रिक्त पदाविषयी प्रश्न विचारणार कोण?

ऊसतोड कुटुंबाची निवड

आतापर्यंतचे विवेचन नियमित वेतन मिळणाऱ्यांविषयी झाले. परंतु घर, कामाचे अंतर आणि शाळा यांचा सर्वांत कठोर ताळेबंद या जिल्ह्यात मांडला जातो तो दिवाळीच्या सुमारास, ऊसतोड मजुरांच्या घरी. मुकादमाची उचल घेतलेली असते. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात साखर कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या कोपीत मार्च-एप्रिलपर्यंत राहावयाचे असते. मुलांना सोबत न्यावे की मागे ठेवावे, हा त्यांचा निवासनिवडीचा प्रश्न.

सोबत नेल्यास शाळा सुटते. शिक्षणहक्क कायद्याने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे. पण ऊस पहाटे तोडावा लागतो, धाकट्या भावंडाला सांभाळावयास कोणी लागते, आणि टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते. मागे ठेवावयाचे तर म्हातारे आजी-आजोबा हवेत किंवा वसतिगृह हवे. त्यासाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुलांसाठी व मुलींसाठी मिळून ८२ शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. मोठ्या होत चाललेल्या मुलीच्या बाबतीत आईवडिलांना दोन्ही पर्याय असुरक्षित वाटतात आणि तिसरा मार्ग म्हणून तिचे लग्न उरकले जाते. बालविवाहाच्या चर्चेत परंपरेवर बोट ठेवणे सोपे आहे; पण त्यामागे निवाऱ्याचाही प्रश्न आहे.

आपली आकडेवारी या प्रवासाला पकडत नाही. २०११ च्या जनगणनेने कामाच्या ठिकाणाचे अंतर विचारले, परंतु शेतीत व घरगुती उद्योगात काम करणाऱ्यांना त्या तक्त्यातून वगळले होते. जिल्ह्यात कामासाठी सर्वांत लांब जाणारा माणूसच अशा रीतीने ‘अंतर’ या सदराबाहेर राहिला. त्या वर्षीची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन गाळप हंगामात झाली होती. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी ठरविण्यात आलेली आहे. तीही हंगामातीलच.

या मुलांपैकी काही आपल्या महाविद्यालयांत येतात. कला शाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गात जून-जुलैत दिसणारे चेहरे दिवाळीनंतर दिसेनासे होतात. त्यांना आपण हजेरीपटावर अनियमित म्हणून नोंदवितो. चारच्या बसकडे डोळे लावून बसलेला प्राध्यापक आणि टोळीसोबत गेलेला विद्यार्थी यांची भेट होण्याची वेळ मुळातच थोडी असते. गतवर्षी सत्र सुरू झाल्यावर महिनाभराने एका विद्यार्थ्याने विभागात येऊन विचारले होते की, अंतर्गत परीक्षा दिवाळीच्या आधी होईल की नंतर. सुट्टीसाठी विचारतो असे वाटून त्याला वेळापत्रक लागल्यावर पाहावयास सांगितले. मुकादमाची गाडी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघणार होती. वेळापत्रक नेहमीप्रमाणे दिवाळीनंतरचे लागले.